झाडाले हात लावून ये

फोन आला तवा मी चिखलीच्या स्टँडबाहेर काळीपिवळी भरून राह्यलो होतो. काळीपिवळी म्हणजे माही जीप, रंग दोन अन ठोकलेल्या जागा लय. मांगं सवाऱ्या कोंबल्या होत्या, पुढं एक म्हातारी तिच्या कोंबडीले मांडीवर घेऊन बसली होती, अन मी अमडापूर अमडापूर म्हणून गळा काढत होतो. फोन कुमुदताईच्या पुण्याच्या भाच्याचा होता. त्यानं शुद्ध भाषेत सांगितलं, की मावशी सकाळी गेली. म्या बरं म्हटलं, फोन खिशात ठेवला अन येऊन शिटावर बसलो. चाबी काही फिरवली जाईना. म्हातारी म्हणे, काऊन बे गजा, काय झालं? मले सांगाचंच होतं. तोंड उघडलं... पण त्या शिटावर बसून ते मराठीत निघालंच नाही. मंग मी खाली उतरलो, पानठेल्यापर्यंत गेलो, अन तिथून सांगितलं की कुमुदताई गेल्या. मांगचा एक जण म्हणे, हे सांगाले एवढ्या दूर कायले गेला, येडा हाय का हा? येडा तं मी हावच, त्यात नवीन काही नाही. पण उतरणं भाग होतं. काऊन, ते सांगतो.

त्याच्या आंधी एक. मले लिहता येत नाही. पयलीत मी गेलतो, पण मास्तरनं मले पाह्यलं, म्या मास्तरले पाह्यलं, अन दोघायचंही मन उडालं. सही करतो, पण दर खेपेला वेगळी होते, म्हणून बँकवाले म्हणतात तू आपला अंगठाच दे. तुमच्या पेपरच्या पुरवणीच्या साहेबानं म्हटलं, बाईबद्दल लिहून पाठवा. तवा हे मी बोलून राह्यलो अन राणी लिहून राह्यली. राणी कोण ते पुढं येईन. ती म्हणते, काका, भाषा सुधरवू का? म्या म्हटलं, नको, लोकायले वाटन मी शिकलो.

तं कुमुदताई. आमच्या अमडापूरच्याच. बाप वावरातला माणूस, भाजीपाला लावे. पोरगी हुशार निघाली म्हणून नागपूरले शिकली, मंग पुण्यात एका शाळेत जन्मभर फ्रेंच शिकवलं. लगन केलं नाही. रिटायर झाल्या अन सगळ्यायले वाटलं पुण्यातच राहतीन, तं ह्या बापाच्या हिश्शाच्या जागेवर दोन खोल्या बांधून गावात आल्या. अन ओट्यावर पाटी लावली, की लहान मुलांना फ्रेंच शिकवणार. गावानं पाटी वाचली अन आठ दिवस हसलं. मी बी हसलो, पाटी न वाचता. पारावर म्या म्हटलं, आता आपल्या म्हशी फ्रेंचमधी पान्हवतीन. लय हसले लोक. मले काय माहीत, पुढं त्याच म्हशीपायी मले पायी चालावं लागीन.

चार-दोन पोट्टे यायले लागले, बहुतेक पोट्ट्याच. पण ओट्यावर काही जमेना. भिंतीवरून कोणाची आई डोकावे, कोणाचा आजा खोकले, अन पोट्टे लाजून मुके. एक दिवस ताई माह्या घरी आल्या. बाजेवर बसल्या, चहा घेतला, अन म्हणल्या, "गजानन, तुझी गाडी मला दर रविवारी हवी. डिझेल माझं." पुण्यात राहून त्याईची बोली गुळगुळीत झालती, आमच्यासारखं खडबडीत बोलत नसत. म्या म्हटलं, जायचं कुठं? म्हणल्या, कुठंही. गाडीत बसलं की पोरं बाहेर पाहतात, अन बाहेर पाहणारं पोर न लाजता बोलतं. मंग त्याईनं नियम सांगितला. गाडीचं दार लागलं की मराठी बंद. गाडी म्हणजे फ्रान्स. ज्याच्या तोंडून मराठी निघीन, त्यानं खाली उतराचं, पुढच्या झाडापर्यंत पायी जायचं, झाडाले हात लावून परत याचं. सगळे थांबतीन. परत आला की टाळ्या वाजवाच्या, कोणी चिडवाचं नाही.

म्या म्हटलं, ताई, मले तं मराठीच धड येत नाही. त्या म्हणल्या, मग तुला सोपं जाईल, एक भाषा कमी विसरावी लागेल.

पयल्या आयतवारी मी गाडी धुतली. ताई पुढं माह्या डाव्या बाजूले बसल्या. ते डावं दार लय नाटकी हाय, जोरात आपटलं तं उघडते अन जरासं वर उचलून लावलं तं लागते. सवाऱ्या आपटून आपटून थकतात. ताईनं एकदा पाह्यलं, दार उचललं, अलगद लावलं, अन मले म्हणल्या, "बोंझूर, मस्यू." म्या म्हटलं, काय? ... झालं. मांगं पोट्ट्यायनं टाळ्याच वाजवल्या, की पयला बळी डायवरच. आता डायवर उतरला तं गाडी कोण चालवीन? सगळे जागेवर. मी उतरलो, कडुनिंबापर्यंत गेलो, हात लावला, आलो, मंग फ्रान्स सुरू झालं. गावाबाहेर अजून निघालोच नव्हतो. माही बायको सुनीता बोअरवर पाणी भरत होती. तिनं पाह्यलं की गाडी उभी अन मी झाडाले हात लावून परत येऊन राह्यलो. तिले वाटलं नवस केला.

अन म्हशीचं. उंद्रीच्या वाटेवर एक म्हैस रस्त्यात आडवी बसली. हॉर्न दिला, ढिम्म नाही. माह्या तोंडून जे निघालं ते तुमच्या पुरवणीत छापता येत नाही, राणी इथं मान हालवून राह्यली. ताईनं नुसतं दाराकडं पाह्यलं. मी उतरलो. त्या रस्त्याले झाड कुठं, वावरंच वावरं. दूर एक बाभूळ. मी चाललो, अन ती म्हैस उठली अन माह्या मांगं चालाले लागली. पोट्टे काचेतून हासून हासून लोळले. मी परत आलो तं गाडीत सगळे मिळून मले एक शब्द शिकवाले बसले, म्हशीले बाजूले सर म्हणाचा. तो शब्द मले आजबी येते. म्हशीले येत नाही.

मले त्याईनं सगळी कामं देली. हॉटेलातला पोऱ्या मीच, फ्रान्सच्या बॉर्डरवरचा पोलीस मीच, तिकीट तपासणारा मीच. झाडाखाली गाडी लावाची, सतरंजी टाकाची, पोट्टे टेबलावर बसल्यासारखे बसत, अन मी खांद्यावर टावेल टाकून विचारे काय पाहिजे. एखादी पोट्टी कॉफी मांगे, मी चहा आणे. ती फ्रेंचमधी भांडे की ही कॉफी नाही. मी फ्रेंचमधी म्हणे, माफ करा. माफ करा हे मले सगळ्यात चांगलं येत होतं. घरी बी तेच कामाले येते. एकदा त्याईनं आमच्या चुलीवर फ्रान्सचे ते पातळ गोड घावन केले, अंडं-दूध घालून. सुनीतानं पाह्यलं अन म्हणे, "बाई, हे तं धिरडंच हाय, साखरेचं." मले वाटलं आता ताईले राग येईन. ताई एवढ्या खूश झाल्या, म्हणल्या, हो ना, तिथली म्हातारी बाई पण असंच चुलीपाशी बसून घालते, अन पहिलं हमखास फाटतं. सुनीताचं पयलं फाटलंच होतं. तिनं ते मले देलं.

बजाराच्या दिवशी पोट्टे भाजी घ्याले जात, फ्रेंचमधी. तिथं शांताबाई बसे, टमाटे अन कांदे घेऊन. राणी तिचीच पोरगी. आता आली राणी. ही तवा दहा-अकरा वर्साची, अन बोलतच नसे. फ्रेंच सोडा, मराठी बी नाही. शाळेत एकदा तिच्या बोलण्याले बाहेरून आलेली एक मॅडम हासली होती, तवापासून पोरीनं तोंडच लावून घेतलं. गाडीतून तिले कधीच उतरावं लागलं नाही, कारण मराठीबी निघे ना. शांताबाई ताईले म्हणे, "बाई, दुसऱ्यायच्या पोरी निदान चुकतात तरी. माही काहाले बसवता? आयतवारी दुकानावर बसन तं मले हात होईन." ताईनं फक्त पावसाळ्यापर्यंत ठेव म्हटलं. मले मात्र गाडीत नाही, ओट्यावर सांगितलं, की फ्रेंचच काऊन. नागपूरले कॉलेजात त्या पयल्यांदा बोलल्या तवा सगळा वर्ग हासला होता. मंग फ्रेंचच्या तासाले बसल्या, अन पाह्यलं, इथं सगळेच अडाणी. कोणाची बोली कोणाहून वरची नाही. तिथं त्या पयल्यांदा मोठ्यानं बोलल्या. म्हणल्या, "गजानन, या पोरांना मला फ्रान्सला नाही न्यायचं. त्यांना एकदा न घाबरता बोलताना ऐकायचंय, बस." म्या कधी घाबरून बोललोच नाही, म्हणून तं हे हाल.

पावसाळ्याच्या आंधी आमी लोणारले गेलो. सरोवराच्या काठावर वाऱ्यात उभं राहून पोट्टे रंगाचे शब्द म्हणत होते, हिरवं पाणी, तांबडी माती. तिथं एक गोरं जोडपं आलं, नवरा-बायको, पाठीवर पिशव्या. ताईनं कान देला, अन त्याईचा चेहराच बदलला. फ्रेंच होते. खरे. पोट्ट्यायले म्हणल्या, जा. एकबी हालेना. वर्सभर गाडीत चिवचिवणारे पोट्टे, मेंढरावानी एकमेकाच्या मांगं. मले बी म्हणल्या, तू जा. मी तं जीपच्या मांगंच गेलो. ताई तिथंच उभ्या राह्यल्या, अन मले दिसलं की हे त्याईले लागलं. तेवढ्यात मंदिराच्या भिंतीवरून एक वांदर उतरलं, अन त्या बाईच्या पिशवीकडं सरकाले लागलं. अन राणी वरडली. फ्रेंचमधी. की बाई, वांदर, तुमची पिशवी! वांदर पळालं, ते जोडपं वळलं, अन मंग ती बाई राणीपाशी खाली बसली, अन दोघी बोलाले लागल्या. काय बोलल्या देव जाणे. राणी हातानं वांदराची शेपटी दाखवत होती अन बोलतच होती, बोलतच होती... ताई माह्यापाशी आल्या, जीपले टेकल्या, अन पदरानं चष्मा पुसत राह्यल्या. मी म्हटलं, वारं लय हाय. त्या म्हणल्या, हो, फार आहे.

येतानी गाडीत राणीनं एवढी बडबड केली की बाकीच्यायले जागा भेटली नाही. शांताबाईले हे कळलं. पुढच्या बजारात मी गेलो, तं ती गिऱ्हाइकायले पोरीच्या फ्रेंचमधी हाका मारून राह्यली, तोमात घ्या तोमात. म्या म्हटलं, काय बाई, पावसाळा लागला, पोरगी दुकानावर नाही का? म्हणे, तुले काहाले पाहिजे, तू टमाटे घे.

असे वर्सं गेले. जुने पोट्टे मोठे झाले, चिखलीले, बुलढाण्याले शिकाले गेले, नवे आले. राणी आता कॉलेजात हाय, पण आयतवारी येतेच. फ्रान्स चालू राह्यलं. मी बी गाडीतून उतरून आता झाडापर्यंत कमी जाये. ताईले बहुतेक ते आवडलं नसावं, मुद्दाम मले हासवत, की तोंडातून काही निघावं.

गेल्या हिवाळ्यात ताई बारीक व्हाले लागल्या. पोटाचं दुखणं होतं. आमाले सांगितलं नाही. एक दिवस दुपारी मले बोलावलं, बुलढाण्याच्या दवाखान्यात सोड म्हणल्या, भाचा पुण्याहून तिथंच येणार होता. म्या मांगच्या शिटावर गादी टाकली, उशी ठेवली. त्याईनं पाह्यलं बी नाही. पुढं आल्या, डाव्या बाजूले बसल्या, दार उचलाले गेल्या... उचललं गेलं नाही. मी उतरून लावलं. मंग नेहमीसारखं म्हणल्या, "बोंझूर, मस्यू." मी म्हटलं, बोंझूर, मादाम.

आता फ्रान्स सुरू झालं होतं, अन मले विचाराचं होतं लय. फ्रेंचमधी मले काय येते? डावं, उजवं, थांब, तिकीट, कॉफी नाही चहा हाय, म्हशीले सर, अन माफ करा. यातलं काहीच कामाचं नव्हतं. शेवटी म्या म्हटलं, "सा व्हा?" बरं हाय ना? त्या म्हणल्या, सा व्हा. बरं हाय. दोघायलेबी माहीत होतं की बरं नाही. पण तेवढ्या भाषेत तेवढंच खोटं बोलता येते. मी गाडी हळू चालवली, खड्डा आला की त्याईचा हात डॅशबोर्डवर घट्ट होये.

चिखलीच्या पुढं, वावरं लागल्यावर, त्या खिडकीकडं पाहत बोलल्या. सरळ, आमच्या बोलीत. त्याईच्या तोंडून ते म्या लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं.

"गजा, आयतवारची फेरी सोडू नको बे. पोट्टे येतीन, न येतीन. तू गाडी लाव."

म्या ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या कडेले घेतली. त्याईले वाटलं मले रडू आलं. मंग त्याईच्या ध्यानात आलं, अन हासल्या. हासतानी पोट धरलं. म्हणल्या, हो रे, नियम तो नियम, अन दाराच्या कडीले हात घातला, उतराले. म्या म्हटलं, नॉन, मादाम. अन मी उतरलो. झाड बरंच पुढं होतं, एक आंब्याचं. मी चालाले लागलो. एरवी झाडापर्यंत पळत जाये, लवकर सुटाले. त्या दिवशी हळू चाललो. मले वाटलं, मी चालून राह्यलो तोपर्यंत दवाखाना येत नाही. झाडाले हात लावला, सालीचं खरबडीत हाताले लागलं, अन उगंच तसाच उभा राह्यलो. मांगं पाह्यलं तं त्या काचेतून पाहून राह्यल्या होत्या, मान थोडी पुढं काढून, हात नीट लावला का नाही ते. मी पुन्हा लावला, दिसीन असा. परत आलो तं त्याईनं टाळी वाजवली. हात वर होत नव्हते, मांडीवरच, दोन बोटायनं.

मंग बुलढाण्याले त्याईले भाच्यापाशी सोडलं. आठवड्यातच तो फोन आला.

तेरवी झाली. भाच्यानं घर बंद केलं, चाबी राणीपाशी देली. अन आयतवार आला. म्या त्या दिवशी पहाटपासून गाडी धुतली, सुनीता म्हणे पत्रा झिजन. मले भेव वाटून राह्यलं होतं, ते गाडी धुतल्यानं काही जात नव्हतं. गावात दोन-तीन जण म्हणाले होते, बाई गेली, आता गजा शिकवणार का फ्रेंच? अन खरंच, मी काय शिकवू? म्हशीले सर? पण त्या म्हणल्या होत्या गाडी लाव. म्या ताईच्या ओट्यासमोर लावली. हॉर्न वाजवला. कोणीच नाही. कुत्रं आलं, त्यानं चाक पाह्यलं, गेलं. मी बसलो. शिटावर बसलं की मराठी बंद, तवा स्वतःशीबी काही बोलता येईना.

मंग राणी आली. तिच्या मांगं एक पोट्टी, मंग अजून. शांताबाईनं बाजूच्या दोघींले हाताले धरून आणलं अन गाडीत बसवलं, अन मले म्हणे, काय पाहतो, चाल. ती बाहेर होती, तिले चालते. पुढच्या शिटावर कोणीच बसलं नाही. मी उतरलो, डावं दार उचलून अलगद लावलं, अन निघालो. उंद्रीच्या वाटेनं. राणी मांगून दिवसाची नावं म्हणवून घ्याले लागली. पोट्टे म्हणत होते, पण आवाज खाली खाली जाऊन राह्यला होता. मी आरशात पाहत नव्हतो.

सगळ्यात लहान पोट्टी, ताईनं शेवटी घेतलेली, तिनं एकदम म्हटलं, "मले मादामची याद येते." मराठीत. म्या गाडी थांबवली. ती पोट्टी रडत रडत उतराले लागली, तिले नियम माहीत होता. राणी तिच्या मांगं उतरली. मंग बाकीच्या. कोणीच काही म्हटलं नव्हतं, कोणाची चूक नव्हती, पण एकेक करून सगळ्या उतरल्या अन चालाले लागल्या. मी बी उतरलो. तीच वाट, तीच बाभूळ, दूर. मी मांगं मांगं. एक ओळखीचा माणूस मोटरसायकलवर आला, म्हणे, काऊन बे गजा, गाडी बिघडली का? म्या नुसतं पुढं बोट दाखवलं, झाडाकडं. तो काही समजला नाही, गेला.

बाभळीले काटे असतात, तरी सगळ्यायनं हात लावले, एकमेकायच्या हातावर हात. मी शेवटी लावला. अन सवयीनं मांगं पाह्यलं, नीट लावला का ते कोणी पाहून राह्यलं का म्हणून. दूर रस्त्याच्या कडेले गाडी उभी होती, डावी काच उन्हात चमकत होती... आतलं काही दिसत नव्हतं.

ते डावं दार सुनीता म्हणते दुरुस्त करून घे, सवाऱ्या शिव्या देतात. देऊ दे. रोजच्या दिवशी लोक आपटतात, उघडते, पुन्हा आपटतात. आयतवारी मी स्वतः उतरून जातो, थोडं वर उचलतो अन अलगद लावतो. बोंझूर, मादाम, म्हणतो. मंग बसतो, अन मांगून पोट्टे म्हणतात, चला.

फ्रेंचमधी म्हणतात.